पिठीचा डावा कान

घरात पांढरी मांजर असेल तर आधी तिला उजेडात घ्या आणि तिच्या कानाची कड बघा. पुढचं नंतर वाचलं तरी चालेल. कड म्हणजे टोकापासून बाहेरच्या बाजूनं खाली येणारी पातळ रेघ. तिथले केस विरळ झाले असतील, कातडी गुलाबी दिसत असेल, बोट फिरवल्यावर कोंडा निघत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. आमच्याकडे हे सगळं तीन वर्षं दिसत होतं आणि रोज बघणारे आम्ही दोघं होतो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक आहे. कालव्यांचे नकाशे काढतो. रेघ कुठे वाकली, कुठे जाड झाली हे ओळखण्यासाठीच मला पगार मिळतो. त्यामुळे दिसलं नाही अशी सबब मला सांगता येत नाही.

आजारी मी नव्हतो, मांजर होती. तरी हे आजारपण मी थोडं माझंही धरतो. का, ते पुढे येईलच.

तारेचा शोध

नागपूरच्या महाल भागात दुसऱ्या मजल्यावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. वरची गच्ची आमच्याच वापरात. घरात मी, बायको सिंधू आणि पिठी. मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली. पिठी जिन्यात सापडली तेव्हा मुठीएवढी होती आणि पहिल्याच दिवशी गव्हाच्या पिठाच्या डब्यावर जाऊन झोपली. रंगही पिठाचाच, त्यामुळे नाव शोधावं लागलं नाही.

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्च संपत आला की आमच्याकडे माणसं कान बांधायला लागतात. दुपट्टा डोक्यावरून घ्यायचा, दोन्ही कानांवरून घट्ट आवळायचा, गाठ मारायची, खिशात कांदा टाकायचा आणि मगच सायकल बाहेर काढायची. लू, म्हणजे उन्हाळ्याचा तापलेला वारा, कानातून शिरते, असं इथे लहानथोर सगळे धरून चालतात. मी ऑफिसला निघालो की सिंधू स्वयंपाकघरातूनच विचारायची, "कान बांधले काय?" लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून हा प्रश्न एकही दिवस चुकला नव्हता. बांधलेल्या कानांनी तो मला नीट ऐकू यायचा नाही, पण मी मान हलवायचो.

याच दिवसांत गच्चीवर वाळवण पडतं. कुरड्या, मुंगवड्या, ज्वारीचे पापड. आम्ही दोघंच खाणारे, पण रायपूरला डबा भरून जायला हवा असतो. चार खाटांवर धोतरं अंथरायची आणि वर माल घालायचा. चिमण्या, कावळे, खारी यांना हे सगळं ठाऊक असतं. राखणीला सिंधूला दर पाच मिनिटांनी जिना चढावा लागायचा आणि तिचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते.

मी त्यावर उपाय काढला. गच्चीच्या दोन भिंतींना खुंट्या ठोकून आडवी तार ताणली. तारेत पडद्याची एक पितळी कडी ओवली, कडीला सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक पिठीच्या गळ्यातल्या कापडी पट्ट्याला. पिठी चालू लागली की कडी तारेवरून सरकायची. चारही खाटा तिच्या टप्प्यात येत होत्या, पण तिला पापडावर बसता येईल इतकी सुतळी लांब नव्हती. हे मी अंदाजानं केलं नाही. गच्चीचा नकाशा काढला, सुतळीच्या लांबीचे कंस मारले. सावली कुठून कुठे सरकते ते एका रविवारी दर तासाला खडूनं आखून घेतलं आणि वाळवणाला ऊन हवं म्हणून सावलीचा भाग वगळून खाटा मांडल्या. पाण्याचं गाडगं ठेवलं. मांजरीचीही सोय पाहिली म्हणून मला बरं वाटलं.

यंत्र झकास चाललं. चिमण्या कठड्यावर बसून बघत राहायच्या. खालच्या मजल्यावरचे भाऊराव आपल्या पाहुण्यांना वर आणून तार दाखवायचे. पिठीची काही तक्रार नव्हती. तिला ऊन आवडायचं. पट्टा हातात घेतला की ती आपण होऊन जिन्याकडे चालू लागायची.

असे तीन उन्हाळे गेले. रोज सकाळी मी तिला तारेला अडकवायचो, खाली येऊन दुपट्टा घट्ट आवळायचो आणि कामावर जायचो. सिंधू तिला बाराच्या सुमारास खाली आणायची. बारानंतर मांजरीला फार ऊन होईल, असं आमचं मत होतं.

चीक

तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. सिंधू कुरड्यांचा चीक शिजवत होती. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो चीक पातेल्यात रटरटायला लागला की त्याचे थेंब उडतात आणि चटका जबर बसतो. पिठी चुलीजवळ घुटमळत होती. एक थेंब तिच्या डाव्या कानावर पडला. ती माळ्यावर जाऊन बसली ती संध्याकाळीच उतरली.

पुढे जूनमध्ये त्याच कानाच्या कडेला खपली दिसली, ज्वारीच्या दाण्याएवढी. भाऊरावांनी निदान केलं की बोक्यानं ओरबाडला असणार, आणि हळद-खोबरेल लावायला सांगितलं. आम्ही लावलं. खपली मऊ होऊन पडली, खाली स्वच्छ गुलाबी कातडी दिसली, आम्ही तेलाची वाटी धुऊन ठेवली. चार दिवसांनी त्याच जागी नवी खपली होती. हे पावसाळाभर चाललं. पांढरी मांजर असणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं: जखम भरते किंवा चिघळते, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारी खपली ही जखम नसते.

दिवाळीपासून मी दर रविवारी त्या कानाचं चित्र काढू लागलो. ग्राफपेपरवर, मापानं. पिठीला मांडीवर घ्यायचं, कानामागे कार्ड धरायचं, कड आखायची, खपलीची जागा भरायची, कोपऱ्यात तारीख टाकायची. ज्वारीचा दाणा संक्रांतीपर्यंत मसुराच्या डाळीएवढा झाला. कानाचं टोक किंचित आत वळलं. ती डोकं झटकायची तेव्हा उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके उडायचे. माझ्या फाइलीत सगळ्याची नोंद होती. निरीक्षणात काही कमी नव्हतं, फक्त त्यातलं मला काही कळत नव्हतं.

केसपेपरवरचा नकाशा

आणीबाणी उठली त्याच महिन्यात आम्ही पुन्हा वाळवण सुरू केलं आणि पिठी पुन्हा तारेवर गेली. दहाव्या दिवशी कानाच्या टोकाचा एक बारीक तुकडा खपलीबरोबर गळून पडला. तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तिला भाजीच्या दोन टोपल्यांत वरखाली बंद करून सायकलला बांधलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथे बैल आणि म्हशींची रांग होती. टोपलीतून म्यावचा आवाज आला तसे लोक हसले. माझ्या पुढे कन्हानकडचे एक गाडीवान होते. त्यांच्या बैलाचं एक शिंग मुळापासून कापलेलं होतं आणि त्यावर पट्टी होती. त्यांनी टोपलीत वाकून पाहिलं. ते मात्र हसले नाहीत. आपला नंबर त्यांनी मला दिला, बैलाला उभं राहायची सवय आहे म्हणाले.

डॉक्टर मेश्राम चाळिशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी दोन्ही कान खिडकीच्या उजेडात धरले, उलट्या बोटानं चाचपले. किल्ल्या वाजवून तिला ऐकू येतं का तेही पाहिलं. मी फाइल पुढे केली. त्यांनी सगळी चित्रं क्रमानं पाहिली आणि काम चांगलं आहे म्हणाले. मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं की ही उन्हात बसते का.

मी म्हणालो, बसते म्हणजे काय. आणि उत्साहानं खिशातली पेन्सिल काढली. केसपेपरच्या मागे गच्ची काढली, तार काढली, कडी, सुतळी, चार खाटा, टप्प्याचे कंस, उन्हाचे तास. सवयीप्रमाणे उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. मग म्हणाले, "साहेब, हे तं तुम्ही मले रोगाचं कारणच काढून देल्लं."

त्यांनी समजावलं त्यातलं मला कळलं ते असं. पांढऱ्या मांजरीच्या कानाच्या कडेवर केस जवळजवळ नसतात आणि कातडीला रंग नसतो. ऊन तिथे थेट लागतं. एका उन्हाळ्यानं काही होत नाही. वर्षानुवर्षं लागलं की तिथे कॅन्सर धरतो. बैलाच्या शिंगात होतो तसाच हाही, म्हणाले, आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात ते गाडीवान उभे होते. तपासायला बारीक तुकडा पाठवू, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. डावा कान बहुतेक पुरता कापावा लागेल. उजव्याची कड लाल आहे, तो वाचेलही किंवा जाईलही. उशीर झाला असेल तर मांजरही.

मी किती उशीर ते विचारलं. ते म्हणाले की तुमच्याच चित्रांवरून पाहिलं तर दिवाळीत आले असते तर टोकावर भागलं असतं.

येताना मी कान बांधले नव्हते, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

जे सांगितलं नाही

सिंधूला मी सांगितलं की गाठ आहे, कापावी लागेल, त्या रोगाचाही संशय आहे. आमच्या घरात कॅन्सर हा शब्द मोठ्यानं म्हणत नसत. तिनं पदराला हात पुसले आणि विचारलं, "त्याच कानाले, जिथं चीक उडाला होता?"

मी हो म्हणालो. कान तोच होता, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पुढचं वाक्य मी बोललो नाही.

तिनं पुढे काही विचारलंच नाही. भिजत घातलेले गहू भाऊरावांच्या घरी देऊन टाकले. चिकाचं पातेलं उपडं करून माळ्यावर ठेवलं. त्या वर्षी रायपूरला डबा गेला नाही. का गेला नाही ते तिनं मुलीला पत्रात काय लिहिलं, मला माहीत नाही. दुपारी पिठी तिच्या मांडीवर असायची आणि ती त्या कानाकडे बघत बसायची. मी हे सगळं पाहत होतो. आज सांगतो, उद्या सांगतो असं करत होतो. शस्त्रक्रिया होऊन जाऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. माझी तार चांगली होती आणि लोक ती बघायला येत होते. ती सोडवणं मला जड जात होतं.

रिपोर्ट डॉक्टर म्हणाले तसाच आला.

कापणं

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. सकाळी आठला टोपली आत गेली, साडेदहाला बाहेर आली. मी बाहेरच्या कडुलिंबाखाली बसलो होतो. ते गाडीवान बैलाच्या पट्टीसाठी आले होते. त्यांनी माझ्याशेजारी बसून तंबाखू मळली आणि म्हणाले, "माह्या बैलाचं शिंग गेलं, तुमच्या मांजरीचा कान. जीव राह्यला म्हंजे झालं." बैल गाडीला पुन्हा जुंपला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, जुंपला, पण आता तो त्या बाजूचा आवाज आला की चमकतो. त्या दिवसांत माझ्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

पिठीचा डावा कान बुडापासून गेला होता. तिथे टाक्यांची एक काळी रेघ होती. दोन दिवस ती पाणी प्यायली, खाल्लं काही नाही. तिसऱ्या दिवशी सिंधूनं दुधात पोळी कुस्करून बोटानं भरवली आणि तिनं बोट चाटून पुसून साफ केलं. जगते असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

टाके खाजवू नयेत म्हणून मी ड्रॉइंगच्या जाड कागदाचा कर्णा करून तिच्या गळ्यात बसवला. तो घालून ती मागे मागे चालायची आणि भिंतीला टेकली की थांबायची. सिंधू म्हणाली की तुम्हाला काहीतरी बनवल्याशिवाय करमतच नाही. ती सहज म्हणाली, पण मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

एक दिवसाआड ड्रेसिंग. सायकल, टोपली, रांग, बैल. रोज निघताना आतून प्रश्न यायचा, "कान बांधले काय?" आणि मी मान हलवायचो.

टाके काढायच्या दिवशी

त्या दिवशी सिंधू बरोबर आली. टोपली मांडीवर घेऊन सायकलरिक्षात बसली. डॉक्टरांनी टाके काढले, जागा दाबून पाहिली आणि छान भरलीय म्हणाले. मग तिच्याकडे वळून सहज बोलले, "बाई, आता ते तारेवर बांधनं बंद बरं. ऊन म्हंजे हिच्यासाठी इख हाय."

सिंधूला कळेना. त्यांनी केसपेपर उलटा करून तिच्यापुढे ठेवला. तिला नकाशे वाचता येत नाहीत, पण माझं अक्षर आणि आमची गच्ची तिनं ओळखली. तिनं कागद हातात घेतला. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, की कानावर गरम चीक उडाला होता, त्यानं नाही झालं?

"चिकानं फोड येते न आठ दिवसांत जाते," डॉक्टर म्हणाले. "हे तीन उन्हाळ्याचं काम हाय."

येताना रिक्षा निम्म्या रस्त्यात आली. मग टोपलीवरचा हात न काढता म्हणाली, "मी त्या पातेल्याले हात नाही लावला. तुम्ही पाहून राहिले होते."

मी चूक झाली म्हणालो. तिनं ऐकलं. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही, आदळआपट केली नाही, जेवण वेळेवर वाढलं. तार तशीच राहिली, तिच्यावर कपडे वाळत राहिले.

फक्त दुसऱ्या दिवशी मी दुपट्टा घेऊन निघालो तेव्हा आतून प्रश्न आला नाही. मी दारात जरा थांबलो. मग सायकल काढली. त्यानंतरच्या दिवशीही आला नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, सुरू झाला, डांबर वितळू लागलं, तरी नाही. एकदा मी मुद्दाम कान न बांधता गेलो. हे पोरकटपणाचं होतं. मला लू लागली. दोन दिवस तापात पडलो. तिनं कैरीचं पन्हं करून दिलं, कांद्याचा रस तळपायांना चोळला, रात्री पंखा हलवला. पण विचारलं नाही.

उजवा कान

पुढचं वर्ष उजव्या कानाचं होतं. दर रविवारी चित्र चालूच होतं, पण आता मी कशाकडे बघायचं ते शिकलो होतो. कडेचे केस, कडेचा रंग, टोकाचं वळण, आणि बोटाला खरखर लागते का. डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतं, हे माझ्यासारख्यानं लिहावं म्हणजे बघा. ऊन खिडकीतून येतं तिथेही पिठी झोपते, म्हणून खिडक्यांना जाड कापडाचे पडदे लागले. पावसाळ्यात लाली उतरली. दिवाळीनंतर कडेला नवे बारीक केस दिसले. डॉक्टरांनी संक्रांतीला पाहिलं आणि हा कान राहील असं म्हणाले, पण चित्रं थांबवू नका असंही म्हणाले. मी थांबवलेली नाहीत.

पिठी एका कानानंही सगळं ऐकते. दूधवाल्याची घंटा वाजली की पूर्वी दोन्ही कान वळायचे, आता एक वळतो आणि दुसऱ्या बाजूची कातडी नुसती हलते. मला ते बघायची अजून सवय झालेली नाही.

मार्च आला. सिंधूनं माळ्यावरून पातेलं काढलं, घासलं आणि गहू भिजत घातले. मला काही सांगितलं नाही. कुरड्या घालायच्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी सातला गच्चीवर जाऊन काठी घेऊन खाटांजवळ बसलो. पिठी जिन्याच्या जाळीच्या दाराआड शेवटच्या पायरीवर येऊन बसली आणि बाहेर सोडा म्हणून ओरडू लागली. तिला अजूनही ऊन आवडतं. मी दाराची कडी लावून घेतली.

आठपर्यंत ठीक होतं. नऊला पाठ तापली. चिमण्या कठड्यावर येऊन बसल्या, मी काठी आपटली, त्या उडाल्या, परत आल्या. दहाच्या सुमाराला कानाची वरची कड चुणचुणायला लागली. मी बोट लावून पाहिलं. ती चांगलीच तापली होती आणि दाबल्यावर दुखत होती. तीन उन्हाळे रोज सकाळी मी एका पट्ट्याची गाठ नीट बसली का ते तपासलं होतं. त्या गाठीच्या चार बोटं वर दोन कान होते, त्यांना मी कधी असा हात लावला नव्हता. मी तिथेच बसून राहिलो आणि मला रडू आलं. गच्चीवर कुणी नव्हतं म्हणून मी ते आवरलं नाही.

जिन्याच्या दाराची कडी वाजली, मी उठून ती काढली. सिंधू एका पायानं पिठीला मागे ढकलत बाहेर आली. एका हातात ताकाचा गडू होता, दुसऱ्या हातात माझा दुपट्टा, ओला पिळलेला. तिनं गडू खाटेखाली सावलीला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कान काहून नाही बांधले?" ती म्हणाली.

मी दुपट्टा घेतला आणि बांधले.